रिकामी किटली

बाळांनो, आधी उजवा तळहात नाकापुढं धरा. अगदी चिकटवू नका, चार बोटं लांब ठेवा. आता श्वास सोडा. ऊब लागली ना? आता ओढून घ्या. काय लागलं? पुन्हा करून बघा. बोटांच्या फटींतून थोडी गार हवा सरकते, इतकी हलकी की लक्ष दिलं नाही तर कळतही नाही.

आता समजा, तुमच्यापुढं एक जुनी जीप उभी आहे. बॉनेट उघडं आहे, इंजिन चालू आहे आणि जमिनीवरचे खडे थरथरतायत. इंजिनाच्या बाजूला पत्र्याचा एक काळा डबा आहे, त्याला पेल्याएवढं गोल तोंड आहे, आणि त्या तोंडासमोर तुमचा हात आहे. तो हात तेजूचा आहे असं समजा, कारण त्या दिवशी तो तिचाच होता.

"हितनं पुढं न्यायचा न्हाई," तिचं मनगट त्या तोंडाच्या वीतभर अलीकडं थांबवून मी म्हणालो. "आता डोळे मीट."

तिनं मिटले.

"काय वाटतंय?"

"काय न्हाई. गरम हाय नुसतं."

"थांब जरा. घाई करू नको."

ती थांबली. मग मिटल्या डोळ्यांवरच्या भुवया हळूहळू वर चढल्या. "वारा हाय मास्तर. आत चाललाय. ओढून घेतीया ती!" तिनं डोळे उघडले आणि जीपकडं असं बघितलं, जसं गोठ्यातलं जनावर पहिल्यांदा बघावं. "मास्तर, ही जित्ती हाय व्हय?"

आयुष्यभर मी सरकारी आयटीआयमध्ये मुलांना इंजिन शिकवलं. निवृत्त झाल्यावर कोल्हापूर सोडून घाटाखालच्या आमच्या धामणेवाडीला येऊन राहिलो. घरामागं एक शेड होती, तिथं हत्यारं मांडली. वाडीतली पोरं येत, बसत, विचारत. पण इतक्या वर्षांत 'ही जित्ती हाय व्हय' असं कुणी विचारलं नव्हतं. तेजू तेव्हा सहावीत होती. आमच्याकडच्या मुली 'मी येते, जाते' म्हणत नाहीत, 'मी येतो, जातो' म्हणतात, आणि तेजू तर सगळंच ठणकावून म्हणायची.

जीप तिच्या आईची, शालनची. नवरा शिरोलीच्या फौंड्रीत, तो सुट्टीला घरी. त्यानं घेतलेली जुनी टर्बो डिझेल जीप अंगणात गंजत पडली होती. शालन ती चालवायला शिकली आणि वाडीतल्या मुलींना रोज घाट चढून पलीकडच्या हायस्कूलला न्यायला लागली. मुलगे सायकलीवर कसेही जात. मुलींना मात्र घाटातून एकट्या पाठवायला कुणाचे आईबाप तयार नव्हते. जीप होती म्हणून शाळा होती.

आणि त्या वर्षी जीप धूर सोडायला लागली. निळसर, तेलकट, घशात बसणारा. चढाला तो मागच्या पडद्यातून आत शिरायचा. हिंदुराव आण्णांची सायली एकदा घाटातच ओकली.

हिंदुराव आण्णा म्हणजे वाडीतलं मोठं घर. ते हो म्हणाले की वाडी हो म्हणायची. नवरात्र बसलं त्या दिवशी ते शालनच्या दारात उभे राहिले.

"शालन, पोरींस्नी शाळंत न्यायला गाडी लावलीस का मशेरी भाजायला?"

"दुरुस्तीला टाकतोय की आण्णा. मास्तर बघतायत."

"दसऱ्यापातुर बघतो. धूर थांबला तर बरं. न्हाईतर माझी सायली घरी. आणि माझी न्हाई गेली तर दुसऱ्या कुणाची जाईल काय, तूच सांग."

  तेजू उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मायलेकी जीप घेऊन माझ्या शेडमध्ये आल्या.

श्वास कळल्यावर तेजूचे प्रश्न सुरू झाले. ही एवढा श्वास कशानं घेते? मी तिला टर्बो दाखवला, गोगलगाईच्या शंखासारखा वळलेला. म्हटलं, इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर वाया जातो ना, त्या धुरानं आतला एक पंखा फिरतो. त्याच दांड्यावर पलीकडं दुसरा पंखा आहे. तो बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबतो. पंखा तुझ्या मुठीएवढा, पण मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेतो.

"लाख?"

"लाखाच्या घरात."

तिनं स्वतःची मूठ वळून बराच वेळ बघितली.

मग मी वहीचा कागद घेऊन त्या गोल तोंडासमोर सोडला. फट्दिशी तो तोंडावर जाऊन चिकटला आणि इंजिन धापलं. कागद फाटून आत जायच्या आधी मी ओढून काढला.

"नाक दाबलं तिचं!" तेजू ओरडली. "मास्तर, किल्ली न फिरवता नुसतं नाक दाबलं तर थांबंल काय?"

"थांबेल की. किल्लीनं डिझेल बंद होतं, म्हणजे खाणं. नाक दाबलं की हवा बंद. दोन्हींपैकी एक बंद झालं तरी ती थांबणार. पण हातानं कधी दाबायचं नाही. कागदाचं काय झालं बघितलंस?"

तिनं हात मागं घेऊन पाठीशी बांधले.

धुराचं मूळ सापडायला वेळ लागला नाही. टर्बोकडून इंजिनाकडं जाणारी रबरी नळी सोडवली, तर आतून तेल ओघळलं. पंख्याचा दांडा हलवून बघितला, घट्ट होता. इंजिनाचा दमही अजून चांगला होता. म्हणजे तेल इंजिनाच्या माथ्यावरून टर्बोकडं जाणाऱ्या बारीक नळीनं येत होतं.

"जेवल्यावर ढेकर येते का तुला?" मी विचारलं.

"आईला येते."

"इंजिनालाही येते. पिस्टनच्या कडेनं थोडा वायू खाली निसटतो आणि तेलाचं धुकं घेऊन वर येतो. ते धुकं या नळीनं पुन्हा टर्बोच्या तोंडाशी जातं. जुनं इंजिन म्हणजे ढेकरा जास्त."

"म्हणजे दिलेली ढेकर परत गिळतीया? छी!"

"गिळते, आणि ती जळली की निळा धूर होतो. आता ढेकरेतलं तेल मधेच कसं धरायचं, सांग."

 मी तिला स्वयंपाकघरात नेलं. माझ्या बायकोनं, शेवंतानं, चुलीवर भात ठेवला होता. मी पातेल्यावरचं झाकण उचलून उलटं धरलं. आतून थेंबच थेंब.

"वाफ गार झाकणाला लागली की पाणी होती," तेजू सावकाश म्हणाली. मग जोरात म्हणाली, "मग ढेकरंला झाकण लावायचं!"

"झाकण ठेवा आधी माझ्या भातावर," शेवंता म्हणाली. "दोघं मिळून कच्चा ठेवशिला भात."

बाजारात या वस्तूला कॅच कॅन म्हणतात. तयार मिळतो. पण मला तो तेजूच्या हातानं करायचा होता. तिनं घरातून दुधाची स्टीलची किटली आणली, फिरकीच्या झाकणाची. झाकणात रबराची चकती होती, त्यामुळे हवा निसटायची भीती नव्हती. वेल्डिंगवाल्याकडून झाकणाला दोन नळ्या जोडून घेतल्या. एकीतून ढेकर आत येणार, दुसरीतून कोरडी होऊन टर्बोकडं जाणार. आत, पहिल्या नळीच्या तोंडाखाली, शेवंताची जुनी चहाची गाळणी बसवली, म्हणजे धुकं तिच्या जाळीवर आपटेल आणि थेंब होऊन खाली टपकेल. तळाला छोटा नळ. थेंब साठले की नळ सोडून काढून टाकायचे.

"माझी गाळणी कुठाय?" दुपारी शेवंतानं विचारलं.

"गाडीत," तेजू म्हणाली.

"चहा गाडीला पाजताय व्हय आता?"

हवेच्या सगळ्या नळ्या रॉकेलनं धुऊन वाळवल्या, किटली बॉनेटखाली पट्टीनं बसवली. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी शालननं जीप घाटात काढली. मी पुढं, तेजू मागं पडदा वर करून उलटी बसलेली.

"धूर?" प्रत्येक वळणावर शालन ओरडायची.

"न्हाई!" मागून उत्तर यायचं.

वरच्या देवळापाशी थांबलो तेव्हा शालन स्टिअरिंगवर डोकं टेकून बसली होती. रडत होती की हसत होती ते मी विचारलं नाही. परत आल्यावर तेजूनं नळाखाली चमचा धरून नळ सोडला. काळपट तपकिरी तेलाचे थेंब पडले, चमचाभरही झाले नाहीत. तेवढंच तेल रोज नळ्यांत साचून साचून सगळ्या मुलींची शाळा बंद करायला निघालं होतं. ती तो चमचा हातात घेऊन अंगणभर सगळ्यांना दाखवत फिरली.

शालननं आण्णांना निरोप धाडला. आण्णांचा उलटा निरोप आला: उद्या पूजेचा नारळ मी फोडीन, आणि तेव्हा डोळ्यांनी बघीन.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची पूजा असते. हत्यारं धुऊन पुसून पाटावर मांडतात, हळदकुंकू, झेंडू वाहतात, आणि एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी हत्याराला हात लावत नाही. पाना नाही, पक्कड नाही, साधा स्क्रूड्रायव्हर नाही. वर्षभर राबलेल्या वस्तूंना त्या दिवशी विसावा. मी आयटीआयमध्येसुद्धा हे पाळलं.

शालन पहाटेच येऊन जीप धुऊन गेली होती. चाकं, बंपर, बॉनेटच्या आतलं सगळं चकाचक. उघड्या बॉनेटखाली किटली तर आरशासारखी चमकत होती. हेडलाइटांवर कुंकवाची बोटं, पुढं झेंडूची माळ, चाकांखाली लिंबं. जीपच्या पुढं पाट मांडला होता आणि पाटावर माझे पाने उतरत्या मापानं लावलेले. मुली परकर-पोलक्यांत ओळीनं उभ्या होत्या. सायली सगळ्यांत मागं, आजीचा पदर धरून. आण्णा हातात नारळ घेऊन.

आरती झाली. "कर चालू," आण्णा म्हणाले.

शालननं जीपच्या पाया पडून किल्ली फिरवली. इंजिन लागलं. सगळ्यांच्या माना मागं वळल्या, धुराकडं. धूर नव्हता.

"हं," आण्णा म्हणाले. त्यांच्या 'हं'ला वाडीत किंमत होती. "जरा जोरात कर की. चढाला असती तशी."

शालननं पाय दाबला.

आवाज वाढला. मग आणखी वाढला. मी शालनकडं बघितलं. तिनं पाय काढून घेतला होता, दोन्ही पाय वर सीटवर घेतले होते, आणि तरी आवाज चढतच होता. मागून पांढऱ्या धुराचा लोट आला आणि शेड, घर, मुली, सगळं त्यात बुडालं.

"बंद कर!" मी ओरडलो.

तिनं किल्ली फिरवून काढून हातात धरून दाखवली. किल्ली हातात, आणि इंजिन किंकाळत होतं. टर्बोची शिट्टी कानात सुईसारखी शिरत होती. जीप जागच्या जागी थरथरत होती, चाकांखालची लिंबं न चिरडता उडून बाजूला पडली. आयुष्यभर इंजिनं हाताळलेला मी, पण असं इंजिन पहिल्यांदाच बघत होतो. त्याला डिझेल नको होतं. ते कुठून तरी तेल पीत होतं, आणि जितकं पळत होतं तितकं जास्त पीत होतं, आणि जितकं पीत होतं तितकं पळत होतं. थांबायचं म्हणजे फुटायचं, एवढंच त्याला उरलं होतं.

"गिअरात टाकून बंद पाडतो!" शालन ओरडली.

"नको! पुढं पोरी हायत!"

मी खांद्यावरचा टॉवेल ओढला, त्याचा बोळा केला. तो बोळा आत गेला असता हे मला दुसऱ्या क्षणी कळलंही असतं. पण त्या आधीच धुरातून खणखणाट झाला. पाने, पक्कड, हातोडी, समई, सगळं जमिनीवर. पूजेचा पाट छातीशी धरून तेजू बंपरवर चढली होती. तिनं तो पाट दोन्ही हातांनी त्या गोल तोंडावर थापला, बोटं कडेला ठेवून.

इंजिनानं तो पाट तिच्या हातातून खेचून घेतला. तिनं हात सोडले तरी पाट हवेत तसाच चिकटून राहिला. शिट्टीचा सूर खाली आला, जीप एकदा, दोनदा हादरली, एक लांब धाप टाकली आणि थांबली.

मग पाट आपोआप सुटून खाली पडला.

 गरम लोखंड टिकटिक करत होतं. पाटावरच्या ओल्या कुंकवात एक गोल उमटला होता, पेल्याच्या तोंडाएवढा. जीपच्या श्वासाचा ठसा.

पहिलं कोण बोललं तर आण्णांची म्हातारी आई. "हत्यारं लाथाडली गं पोरीनं. सणाच्या दिशी."

"आई, गप्प," आण्णा म्हणाले. पण त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "शालन, संपलं. माझी पोर ह्यात चढायची न्हाई."

सायली गोठ्याआड पळाली होती. बाकीच्या मुलींना त्यांच्या आया दंडाला धरून लांब नेत होत्या. मी तेजूचे हात उलटेपालटे करून बघितले. बोटं दहाच्या दहा जागेवर होती. तिचं लक्ष माझ्याकडं नव्हतंच. ती किटलीचं झाकण फिरवत होती. ते हातानं उघडायचं झाकण होतं, त्याला हत्यार लागत नव्हतं.

"मास्तर," ती म्हणाली. "तेल हाय. फेस आलाय. एका रातीत एवढी ढेकर?"

मी बोट बुडवून उजेडात धरलं. तेल सोनेरी होतं, मधासारखं. ढेकरेतलं तेल कधी असं नसतं.

"हे इंजिनातलं नाही," मी म्हणालो. "हे नवं आहे."

 शालन सीटवरून उतरली, जीपला टेकून उभी राहिली.

"मी घातलं," ती म्हणाली.

"काय?"

"पहाटं घासली किटली. मग तशीच कशी लावायची, मास्तर? पूजंला रिकामं भांडं ठेवत्यात व्हय? मी तर शेजारणीची वाटी सुदिक रिकामी धाडत न्हाई, चार दाणं तरी घालतो. तुम्ही म्हणाला व्हता, ह्यात तेल साठतंय. खाली नळ बी हाय. म्हणलं, तेलाचं भांडं हाय, तेल घालावं. नवा डबा फोडला. गळ्यापातुर भरली." मग ती माझ्याकडं वळली. "जुनं न्हाई घातलं. देवाच्या दिशी जुनं कसं घालायचं?"

म्हणजे टर्बोनं दुसऱ्या नळीतून हवेऐवजी किटलीतलं तेलच ओढलं होतं. मला वाटलं, कुणीतरी हसेल. कुणी हसलं नाही. अंगणातल्या प्रत्येक बाईनं तेच केलं असतं. शेवंतानं तिच्या पाठीवर हात ठेवला. "आगं, आम्ही सगळ्या तशाच वाढलो. भरल्यालं ते चांगलं."

तेजू किटलीकडं बघत होती. मग आईकडं बघितलं. "आई," ती म्हणाली, आणि ठणकावून नाही, अगदी हळू. "हे भांडं रिकामं असंल तवाच कामाचं. त्याला धरायचं असतंय ना. भरल्यावर काय धरंल ते?"

मी मास्तर होतो. पण एवढं मी तिला शिकवलेलं नव्हतं.

"आता काय करायचं ते उद्या," आण्णांची आई म्हणाली. "आज हत्याराला हात लावायचा न्हाई."

मीही मान हलवली. उद्या म्हणजे दसरा, आण्णा घरी जाऊन ठरवणार, आणि त्यांचं ठरलं की वाडीचं ठरलं. तेवढ्यात शेवंता खाली वाकली. तिनं विखुरलेल्या पान्यांकडं बघितलं, मग पालथ्या पडलेल्या पाटाकडं.

"आत्याबाई," ती म्हातारीला म्हणाली, "गणपती कसा उठवतो आपण? जागचा जरा हलवला की पूजा उतरली. व्हय का न्हाई?"

"व्हय."

"मग ही तर चांगलीच हलली. पूजा उतरली. हत्यारं मोकळी झाली." तिनं सतरा नंबरचा पाना उचलला, पदरानं पुसला आणि माझ्या हातात दिला. "करा काम. सांजच्याला परत मांडू पूजा."

 म्हातारी तोंडाला पदर लावून म्हणाली, "ह्या मास्तरणीच्या तोंडाला कोण लागंल!"

आण्णा निघाले होते. तेजू त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"आण्णा, नारळ तुमच्याकडंच राहिला की."

त्यांनी हातातल्या नारळाकडं बघितलं. फोडायचा नारळ तसाच परत घरी न्यायचा, हे त्यांनाही जमेना. ते आमच्या धुण्याच्या दगडावर बसले, नारळ मांडीवर घेऊन.

आम्ही किटली रिकामी केली. नळ्या सोडवल्या, प्रत्येकीतलं तेल काढलं, पुन्हा रॉकेलनं धुतल्या, वाऱ्याला वाळवल्या. इंजिन पाना लावून हातानं फिरवून बघितलं. मी कान लावून ऐकत होतो, कुठं वाकलंय का, कुठं अडतंय का. तेजूही पलीकडून कान लावून होती. ते गुळगुळीत फिरलं. इतकं किंचाळूनसुद्धा त्याचं काही मोडलं नव्हतं. मी लोखंडाला हात लावून थोडा वेळ नुसता उभा राहिलो.

ऊन उतरलं तेव्हा सगळं जोडून झालं. अंगणातली माणसं आता चांगली लांब, कुंपणापाशी उभी होती. शालन सीटवर बसली, पण किल्लीवरचा तिचा हात हलेना.

"मास्तर, तुम्ही करा," ती म्हणाली.

मी पुढं जाणार, तोच तेजूनं किटलीवर बोटाच्या पेरानं टिचकी मारली. टण्ण. कुंपणापर्यंत ऐकू गेलं. पुन्हा मारली. टण्ण. मग तिनं पाट उचलला, ढालीसारखा धरला आणि त्या गोल तोंडाशेजारी जाऊन उभी राहिली.

"आई, मी हाय हितं. फिरव."

शालननं किल्ली फिरवली.

इंजिन लागलं. आधी थोडा पांढरा धूर आला, नळ्यांत राहिलेल्या तेलाचा. माणसं आणखी मागं सरली. तेजूनं पाट दोन बोटं वर घेतला. धूर विरळ झाला, मग दोऱ्यासारखा झाला, मग राहिलाच नाही.

"दाब पाय," ती म्हणाली.

शालननं दाबला. आवाज वर गेला, आणि पाय काढल्यावर शहाण्यासारखा खाली आला.

आण्णा दगडावरून उठले. जीपच्या मागं गेले, वाकून बघितलं, वास घेतला. पुढं आले. चाकापाशी नारळ फोडला, पाणी चाकावर शिंपडलं.

"पुढं बसवायची माझी पोर," ते शालनला म्हणाले. "ड्रायव्हरशेजारी. मागं न्हाई."

"बसवीन की," शालन म्हणाली.

पण पोर होती कुठं? सायली गोठ्याच्या कोपऱ्याला अंग चोरून उभी होती. बाप बोलावतोय, आजी बोलावतेय, तरी ती मान हलवत होती. तिच्या लेखी ते सकाळचं किंचाळणारं जनावर अजून जागं होतं. बापानं हो म्हणून काय उपयोग, तिनंच नाही म्हटलं तर?

मी काहीतरी समजुतीचं बोलणार होतो. तेजूनं पाट खाली ठेवला. ती सायलीजवळ गेली, काही न बोलता तिचा हात धरला आणि तिला चालू जीपच्या पुढं घेऊन आली. सायलीची पावलं अडखळत होती, पण हात सुटला नाही. तेजूनं तो हात पुढं केला, त्या गोल तोंडाच्या वीतभर अलीकडं आणून थांबवला.

"हितनं पुढं न्यायचा न्हाई," ती म्हणाली. "आता डोळे मीट."